पेज आणि धोवण

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले असतील. मी मागच्या खोलीत झाडत होते. रामपायलीहून शेजारची सून बोलत होती. "काकी, जिजी उठूनच नाही राह्यली," ती म्हणाली. मी विचारलं, "हलवून पाहिलं का?" जन्मभर शाळेत मुलांना खुळे प्रश्न विचारू नका म्हणून दटावलं, आणि वेळ आली तेव्हा सगळ्यात खुळा प्रश्न मीच विचारला. "हौ काकी..." एवढंच म्हणून ती पोर रडायला लागली. मी फोन कानाला तसाच धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर रंगाच्या नमुन्याचे दोन चौकोन होते, हातभर लांब, हातभर रुंद, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. जिजी परत आली की त्यातला एक ठरणार होता. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. आला तो एक विचार, आणि तो लिहायची आजही लाज वाटते. तिला खरं सांगायचं राहून गेलं...

काय खरं, ते सांगणार आहे. त्यासाठीच तर हे लिहायला बसले. पण आधी जिजी कोण ते सांगते.

जिजी माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन भंडाऱ्याहून रामपायलीला आले तेव्हा तिला त्या घरात पाच-सहा वर्षं झाली होती. मी बी.एस्सी. झालेली सून म्हणून गावात कौतुक फार, आणि चुलीपुढे फजितीही तितकीच. जिजी चौथीपर्यंत शिकलेली. माझी नोकरी लागायच्या कितीतरी आधीच तिनं मला 'मास्तरीन' म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे मी खरोखरच बालाघाटच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्याचं श्रेय तिनं स्वतःकडे घेतलं. माझी पहिली दिवाळी आठवते. आमच्या भागात दिवाळीच्या आधी घरं छुईने पोततात. छुई म्हणजे पांढरी माती. ती बादलीत भिजत घालायची, आणि पोतारा म्हणजे जुन्या लुगड्याचं फडकं त्यात बुडवून हातानं भिंतीला फासायची. मी शहाणपणानं कुंचा घेऊन आले. जिजीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "कुंच्यानं पोतलं तं भितीले कसं समजन कोनी पोतलं?" मग माझा हात धरून तिनं मला शिकवलं. कोपरापासून हात फिरवायचा, कमानीसारखा, एका कमानीवर दुसरी कमान. अर्धी भिंत झाल्यावर मी चहा घ्यायला निघाले, तर तिनं पदर धरून थांबवलं. "अर्धी भित सोडून उठाव नाही वो. घरचं मानूस अर्ध्या वाटंत अटकते." मी हसले. मी अशा गोष्टींना हसतच आले आहे. तिनं मात्र माझ्या वाटणीची भिंतही पुरी केली आणि मगच चहाच्या कपाला हात लावला.

पुढे आम्ही बालाघाटला बिऱ्हाड केलं, जिजी आणि तिचे यजमान शेतीवर राहिले. तिला मूल झालं नाही. माझा मुलगा सुट्ट्यांमध्ये तिच्याजवळच असायचा, त्याला पोहायला तिनं शिकवलं, आंबिल प्यायलाही तिनंच. आधी माझे यजमान गेले, मग काही वर्षांनी तिचे. मुलगा नागपूरला. म्हणजे एका घरात मी एकटी आणि तिकडे तीस-चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या घरात ती एकटी. तरी चाललं होतं. गेल्या वर्षी ती अंगणात घसरून पडली, हाड मोडलं नाही पण तीन दिवस शेजारचे तिला उचलूनच नेत-आणत होते, आणि मला हे चौथ्या दिवशी कळलं. मी जी भडकले ती त्याच ज्येष्ठात तिला इकडे घेऊनच आले. तिची इच्छा विचारली का? नाही. मला वाटलं विचारायचं काय त्यात.

मागची खोली माझ्या यजमानांची होती. भिंतींना त्यांच्या आवडीचा पोपटी डिस्टेंपर, जागोजागी पोपडे आलेले. मी जिजीला म्हटलं, "ही खोली आता तुझी. रंग तुझ्या मनाचा." आणि त्याच दमात पुढे म्हणाले, "एकदा इथला रंग झाला की मग रामपायलीच्या घराचं काय करायचं ते बघू. बंद घराला वाळवी लागते." बसची वेळ सांगावी तसं सांगून मोकळी झाले. जिजी पलंगावर बसून पायाला तेल लावत होती. ती "हौ" म्हणाली. तिच्या त्या 'हौ'मध्ये काय काय होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. मास्तरणीला मुलांनी 'हौ' म्हटलं की धडा कळला असं वाटायची सवय असते.

तुलाराम आमचा नेहमीचा रंगारी. पन्नाशीचा, बोलका, कानात भीकबाळीसारखी एक बारीक सोन्याची तार. पावसाळ्यात रंग वाळत नाही म्हणून तो थेट भाद्रपदात रंगांचं कार्ड घेऊन आला, आणि तिथून आमच्या घरात कार्डाचं राज्य सुरू झालं. जिजी ते उशाशी घेऊन झोपायची. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी रंग विचारला होता. लग्नातला शालू सासऱ्यांनी आणलेला, नंतरच्या साड्या यजमानांनी, घराच्या भिंतींना छुई, ती तर मातीनंच ठरवलेली. तिनं आधी सगळे गडद रंग बाद केले. "मले झगमग नाही पाह्यजे." मग गुलाबी गेला, आकाशी गेला. पंधरा दिवसांनी दोन उरले, आणि ते दोन असे, की मला विचाराल तर पांढरे. पांढरे आणि पांढरे. कार्डावर त्यांची लांबलचक इंग्रजी नावं होती, ती कुणाच्याच तोंडात बसेनात. जिजीनं त्यांचं बारसं केलं. एक पेज, दुसरं धोवण. पेज म्हणजे तांदळाची पेज, किंचित पिवळट, कोमट वाटणारी. धोवण म्हणजे तांदूळ धुतल्यावरचं पाणी, जरासं करडं, थंड. एकदा नावं पडल्यावर मलाही थोडा फरक दिसायला लागला, हे कबूल करते. पण एवढा नाही, की त्यापायी माणसानं खिडकीत उभं राहून कार्ड वरखाली करावं, उन्हात न्यावं, देवघरात न्यावं, आणि संध्याकाळी पुन्हा म्हणावं, "उद्या पाहू."

तुलाराम म्हणाला, "कार्डावर नाही समजत बाई. भितीवर लाऊन पाहू." म्हणून दोन लहान डब्या आणल्या. आणि इथं माझ्या हातून ते झालं.

मला राग आला की मी प्रयोग करते. शाळेतही करायचे. एखादा मुलगा म्हणाला की या ग्लासातलं पाणी त्या ग्लासापेक्षा गोड आहे, की मी दोन्हीत एकाच माठातलं पाणी ओतून त्याला पुन्हा चाखायला लावायचे. त्या दिवशी जिजी शेजारी भजनाला गेली होती. तुलाराम कुंचा धुऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, "दोन्ही चौकोन पेजेच्याच डबीतून मार." तो म्हणाला, "पर मॅडम, बाईनं तो दोन अलग..." मी म्हटलं, "मी सांगते तेवढं कर." माझा हिशेब साधा होता. दोन दिवसांत जिजी काहीतरी बोलेल, हा असा दिसतो न् तो तसा दिसतो, मग मी डबी तिच्यापुढे ठेवेन, आपण दोघी पोट धरून हसू, आणि खोलीला एकदाचा रंग लागेल. तुलारामनं दोन्ही चौकोन एकाच रंगाचे मारले. डावा पेज, उजवा धोवण असं मी जिजीला सांगितलं. धोवणाची डबी माळ्यावर टाकून दिली, झाकणही न उघडता.

त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी चार वाजता एकच नाटक. मी चहाचे दोन कप घेऊन मागच्या खोलीत जायचे. जिजी पलंगावर पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. एक डोळा मिटून बघायची, मग दुसरा. मग विचारायची, "कोनता वो मास्तरीन?" मी म्हणायचे, "मला तर दोन्ही सारखेच दिसतात." हे म्हणताना मला कोण मजा यायची! आणि ती गंभीरपणे सांगायची, धोवण सकाळी फार थंड वाटते, आजारी मानसाले नाही चालत. पेज दुपारी बरी, पन दिवे लागतेवेळी विझून जाते, आन धोवण भितीतून बाहेर येते, अंगावर येते. पावसाच्या दिवशी दोन्ही एकमेकीत जातात. असं ती रोज नवीन काहीतरी सांगायची, तेवढ्यात चहा संपायचा, आणि कप खाली ठेवत ती म्हणायची, "उद्या पाहू."

मी हे मुलाला फोनवर सांगितलं. तोही हसला. ते हसणं माझ्या कानातून जात नाही... त्याचं नव्हे, माझं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सांगून टाकलं असतं तर तो विनोद राहिला असता. पण मी उद्यावर ढकलत गेले, आणि आठवड्याभरानं पाहिलं तर विनोदाची फसवणूक झालेली होती. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? रोज ती एवढ्या मन लावून बघते, आणि बघण्यासारखं तिथं काही नाही, हे फक्त मला माहीत. त्या अपराधाचाच मला उलटा राग येऊ लागला. एक दिवस मी तडकले, "अगं, एक खोली रंगवायची आहे, लग्न नाही जमवायचं!" जिजी शांतपणे बशीतला चहा प्यायली आणि म्हणाली, "लग्नात कोनी इचारलंच नोतं." आणि आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली.

नवरात्र उठलं आणि तिनं एकाएकी सांगितलं की रामपायलीला जाते. "दिवाळी आली. घर पोता लागते. आठ दिवसांत येतो. आन येतेवेळी तिकडच्या भितीचा एक टवका आनतो, त्याच्यासंगं लाऊन पाहू. मंग पक्कं सांगतो." मी म्हटलं, पाय दुखतो, पोतायला बाई लाव. ती म्हणाली, "भितीले नाही पटत." मी तिला बसमध्ये बसवून दिलं. बस हलताना तिनं खिडकीतून बोट दाखवून बजावलं, "भितीले हात नको लाऊ." पाचव्या दिवशी सकाळी तो फोन आला.

रामपायलीला पोचले तेव्हा तिला मधल्या खोलीत ठेवलेलं होतं. बायका भोवती बसलेल्या. मी तिच्या तोंडाकडे फार वेळ बघू शकले नाही, नजर वर गेली, आणि वर भिंत होती. अर्धी पोतलेली. डावीकडची अर्धी पांढरी, तिच्यावर त्या कमानी, एकीवर दुसरी, पहिल्या उंच, पुढच्या जरा खाली, शेवटच्या तर खांद्याच्याही खाली. हात किती दुखत आला होता ते भिंतीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. मध्यावर कमानी थांबल्या होत्या. उजवीकडची अर्धी भिंत मागच्या वर्षीची, धुरकट. खाली बादली, बादलीच्या काठावर पोतारा वाळून कडक झालेला. शेजारची सून म्हणाली, "काल दिवे लागतेवेळी म्हने, थकलो वो, बाकीचं उद्या पाहू." मी तिथेच खाली बसले. अर्धी भिंत सोडून न उठणारी बाई उठली होती, आणि घरचं माणूस कुठे अडकतं ते मला तिनंच सांगून ठेवलेलं होतं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून मी त्या वेळी तिथं बसून हाच विचार करत होते, की ही आता कुठल्या वाटेत असेल.

दहाव्याला घर शुद्ध करायचं म्हणून गावच्या बायका पोतायला आल्या. त्यांनी मधल्या खोलीपासून सुरुवात करायला घेतली आणि मी दारात आडवी उभी राहिले. जिजीच्या हातच्या अर्ध्या भिंतीला कुणी पोतारा लावायचा नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाकीची अर्धी मी पोतते म्हटलं. तिनंच भिजवलेली छुई बादलीत तळाशी बसली होती, तीत पाणी घालून ढवळली, आणि चाळीस-एक वर्षांनी कोपरापासून हात फिरवला. चहा मध्येच आला, घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भिंत वाळली. एकाच बादलीतली एकच माती... पण अर्धी भिंत तिची आणि अर्धी माझी हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिची बाजू ऊबदार, माझी करडी, ओढल्यासारखी. शेजारची सून म्हणाली, "काकी, तुमचा हात अलगच दिसून राह्यला."

बालाघाटला परत आले ती तिनं जाताना नेलेली पिशवी घेऊन. मागच्या खोलीतलं तिचं कपाट उघडलं, तिच्या चार साड्या कुणा गरजूला द्याव्यात म्हणून. कपाट रिकामं. साड्या नाहीत, स्वेटर नाही, फणी नाही, आरसा नाही, औषधांचा डबाही नाही. आठ दिवसांसाठी म्हणून गेलेली बाई सगळं घेऊन गेली होती. ती परत येणारच नव्हती का? आणि नसेल, तर का? माझ्या त्या "लग्न नाही जमवायचं"मुळे? की तिला कळलं होतं? पिशवी उघडून पाहायचा धीर झाला नाही. ती पलंगाखाली सरकवली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

पण दार ओढून घेऊन खोली थोडीच बंद होते. चार वाजले की माझ्या हातून दोन कप चहा व्हायचा. दुसरा कप हातात घेऊन आता काय करायचं म्हणून मी दार उघडायचे आणि पलंगावर बसायचे. मग दिवेलागणीपर्यंत उठवायचं नाही. त्या खोलीत एक होतं, की पोपटी भिंत आधी अंधारायची आणि चौकोन मागे राहायचे. डावा हळूहळू भिंतीत विझायचा. उजवा मात्र राहायचा, बराच वेळ, थंड आणि करडा, भिंतीपासून बोटभर पुढे, पांढरं लुगडं नेसून कुणी पाठमोरं उभं असावं तसा. मी स्वतःला समजावलं, की खिडकी उजव्या बाजूला आहे, उजेड तिरपा पडतो. आठवीला मी स्वतः हा धडा शिकवला आहे. धडा सगळा पाठ होता, आणि तरी दोन चौकोन दोन रंगांचे दिसत होते. जिजी सांगायची तसेच. सकाळी जाऊन पाहिलं, तर धोवण खरंच आजारी माणसाला चालणार नाही इतकं थंड. पावसाळी दिवस एकच आला मध्ये, त्या दिवशी दोन्ही एकमेकीत गेल्या. मी घाबरले. मी घाबरणाऱ्यातली नाही, पण त्या खोलीत कुणीतरी माझ्या डोळ्यांनी भिंतीकडे बघतंय असं मला वाटायचं, आणि ते कुणीतरी उत्तराची वाट बघत असायचं. तीन आठवडे रोज तिनं विचारलं, "कोनता वो?" मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

दिवाळी आमच्याकडे नव्हतीच. ती सरल्यावर तुलारामला बोलावलं. वर्षभर घराला रंग लावू नये असं चार जणींनी सांगितलं, पण ते चौकोन मला सहन होत नव्हते. तो आला, चपला काढून खोलीत गेला, चौकोनांपुढे जरा वेळ हात जोडून उभा राहिला. मग विचारलं, "कोनता लावाचा मॅडम?" मी म्हटलं, "टोमणे मारू नकोस. दोन्ही एकच आहेत हे तुला माहीत आहे आणि मला." तुलाराम खाली बघायला लागला. मग म्हणाला, "बाईलेबी मालूम होतं."

मी दाराची चौकट धरली.

"म्या त्याच दिवशी सांगतलं मॅडम. मी जाऊन राह्यलतो, बाई फाटकात भेटली. इचारलं, दोन्ही लावले का. खोटं नाही बोलता आलं. मले वाटलं, नाराज होईन. पन बाई तर हसाले लागली. म्हने, लय बेस केलं. दोन अलग असते तं आज ना उद्या एक निवडाच लागला असता. निवडला का रंग लागते, रंग लागला का तिकडच्या घराले कुलूप. एकसारखे दोन असन, तं निवडाचं कामच नाही पडत. आन म्हने, मास्तरीनले नको सांगू. लाजन ते."

मला आधी काय वाटलं ते खरं लिहायचं तर राग आला, सणसणून. तीन आठवडे मी तिच्यावर प्रयोग करत होते असं समजत होते, आणि टेबलावरचा बेडूक मी होते. एक डोळा मिटून काय, दुसरा मिटून काय, आजारी माणसाला चालत नाही काय! चौथी शिकलेल्या बाईनं मला रोज चार वाजता त्या पलंगावर बसवून खेळवलं. मी तिला घाई लावायला म्हणून जो डाव टाकला, तोच उचलून तिनं त्याचं कधीही न संपणारं काम केलं. मग राग उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. ही बाई एक घर वाचवत होती. भांडून नाही, रडून नाही, माझ्या बोलण्याला एकदाही 'नाही' न म्हणता, दोन सारख्या चौकोनांच्या आडोशानं. आणि ते करताना मला लाज वाटू नये याचीही काळजी घेत होती. तुलाराम बादली आणायच्या निमित्तानं बाहेर गेला, आणि इतक्या दिवसांचं न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

त्या दिवशी तुलाराम गेल्यावर मी पलंगाखालची पिशवी ओढून उघडली. साड्या घडी घालून, फणी, आरसा, औषधं, सगळं होतं. राहायच्याच बेतानं गेली होती, यात शंका नाही. आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी. आत रामपायलीच्या भिंतीचा टवका, तळहाताएवढा, एकावर एक छुईचे थर, मध्ये भाताच्या तणसाची एक काडी. आता सांगा. परत यायचं नव्हतं तर टवका कशासाठी बांधला? आणि यायचं होतं तर सगळं सामान कशाला नेलं? मी हे उलटसुलट करून पाहिलं आहे, कितीदा तरी. उजेडात नेऊन पाहिलं, अंधारात पाहिलं. एकदा वाटतं येणार होती, एकदा वाटतं नव्हती. तो टवका मी दोन्ही चौकोनांच्या मधोमध धरला. तो पेजेसारखा नव्हता, माळ्यावरची डबी काढून झाकण उघडलं, तर धोवणासारखाही नव्हता. तो रंग कार्डावर नव्हताच.

तुलारामनं खोलीला पेज लावली. रोलरनं दोन हात दिले. चौकोन पहिल्याच हातात बुजले, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. संध्याकाळी पाहिलं तर चारी भिंती एकसारख्या, स्वच्छ, कुणाच्याच नसलेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कप घेऊन गेले. थंडीतलं ऊन उजवीकडच्या खिडकीतून तिरपं आलं होतं, आणि त्या उन्हात भिंतीवर दोन चौकोन उभे होते. फिकट, कडा मऊ झालेल्या, पण दोन. तुलारामला फोन केला. तो म्हणाला, "कुंच्याचं अलग दिसते मॅडम, रोलरचं अलग. रंग एकच हाये. तिसरा हात मारून देतो, दबून जाईन." मी म्हटलं, राहू दे.

मुलगा विचारतो, रामपायलीच्या घराचं काय करायचं. बघू, म्हणते. किल्ली इथंच खिळ्याला आहे. महिन्यातून एकदा जाऊन झाडून येते, पुढच्या दिवाळीला ती सगळी भिंत पोतेन की तशीच ठेवेन, हे ठरलेलं नाही. टवका खिडकीत ठेवला आहे. आणि चार वाजता मी त्या पलंगावर पाय वर घेऊन बसते. एक डोळा मिटून पाहते, मग दुसरा. "कोनता वो मास्तरीन?" ती विचारते. आता मी उत्तर देते. एक दिवस पेज म्हणते, एक दिवस धोवण, आणि का ते नीट समजावूनही सांगते. मग चहा संपतो. कप खाली ठेवते, आणि ती उठून जाईल की काय या भीतीनं मीच घाईघाईनं म्हणते, "उद्या पाहू."